उघड्या चरीत पडून मनगट मोडलं: निष्काळजीपणाचा दावा कुठे उभा राहतो, कुठे पडतो

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याचे थोरले बंधू (दादा), वय 46, कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, व्यापाऱ्यांसाठी पैंजणाच्या कड्या झाळून जोडून देण्याचं काम करतात. राजारामपुरीत रात्री साडेनऊला चालत घरी येताना, एका इमारतीच्या ड्रेनेज जोडणीसाठी रस्त्यात खोदलेल्या चरीत पडले. उजवं मनगट मोडलं, हाड वाकडं जुळलं, पकड गेली. याला चार महिने झाले. ठेकेदार म्हणतो बॅरिकेड होतं. बिल्डर म्हणतो ठेकेदाराला विचारा. महापालिका म्हणते आम्ही फक्त परवाना दिला. भरपाई मिळेल का, सिद्ध कसं करायचं आणि समोरचे काय काय बचाव घेतील?

आधी मुदत बघा, बाकीचं नंतर. अशा दाव्याला तीन वर्षं असतात असं सगळीकडे ऐकायला मिळतं. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 113 खाली बिल्डर आणि ठेकेदारापुरतं ते चालतं. महापालिकेला प्रतिवादी करायचं असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 487 आडवं येतं. त्यात दोन अटी आहेत: दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि दाव्याचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. ‘कर्तव्यात कसूर’ हे शब्द त्या कलमातच आहेत, त्यामुळे ‘आम्ही काही केलंच नाही’ या प्रकारालाही ते लागू पडतं. तुमचे चार महिने गेलेत, म्हणजे नोटीस याच आठवड्यात गेली पाहिजे. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळून मिळतो असा युक्तिवाद मुदत कायद्याच्या कलम 15 वरून करता येतो. पण तो वकिलाने अडचणीत सापडल्यावर करायचा युक्तिवाद आहे, त्याच्या भरवशावर नियोजन करू नका. नोटीस महापालिकेच्या मुख्य कार्यालयात आवक विभागात देऊन प्रतीवर शिक्का घ्या. तिच्यात तारीख, वेळ, नेमकी जागा, काय घडलं, दादांचं नाव-पत्ता आणि वकील असल्यास त्यांचंही नाव-पत्ता लिहा. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. म्हणून रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे आजच विचारून घ्या.

आता मूळ मुद्दा. न्यायालयात निष्काळजीपणा सिद्ध करायचा म्हणजे चार गोष्टी दाखवायच्या: समोरच्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, ते त्याने मोडलं, त्या मोडण्यामुळेच इजा झाली, आणि इजेचं मोल इतकं आहे. हे चारही सगळ्या वकिलांना पाठ असतात, तरी दावे पडतात. कारण वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या मूळ अर्जात, ‘प्रतिवादींनी अत्यंत बेजबाबदारपणे व हलगर्जीपणाने’ अशी विशेषणांची माळ असते आणि तपशील नसतो. खरं तर एवढंच लिहायचं असतं: चर अमुक फूट लांब, अमुक फूट खोल होती, रस्त्याच्या डाव्या कडेपासून इतक्या अंतरावर होती, दोन्ही टोकांना अडथळा नव्हता, दिवा नव्हता, जवळचा खांब इतक्या अंतरावर होता आणि तो बंद होता, ओलांडायला फळी नव्हती, काढलेल्या मुरमाचा ढीग फुटपाथवर टाकल्यामुळे माणसाला रस्त्यावरून चालावं लागत होतं. हे वाचल्यावर ‘हलगर्जीपणा’ हा शब्द लिहिला नाही तरी चालतो.

कर्तव्याचा मुद्दा इथे फारसा अवघड नाही. सार्वजनिक रस्त्यात जो खड्डा पाडतो, त्याने तिथून चालणाऱ्याचा विचार करायलाच हवा. तरी महापालिकेचा वकील राजकोट महापालिका विरुद्ध मंजुळाबेन हा 1997 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढेल. रस्त्याकडेचं झाड पडून माणूस गेला होता आणि महापालिकेला जबाबदार धरलं नव्हतं. त्याला उत्तर सोपं आहे. झाड आपलं आपण उभं असतं. चर महापालिकेच्या परवान्याने, शुल्क घेऊन, अटी घालून खोदलेली असते. धोका निर्माण करायला ज्याने लेखी परवानगी दिली, त्याने अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला कोणी गेलं होतं का, हा प्रश्न मग टाळता येत नाही. इथे त्या निकालापेक्षा 1966 चा दिल्ली महापालिका विरुद्ध सुभगवंती हा निकाल जवळचा आहे. चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला होता आणि ‘घटनाच बोलते’ हे तत्त्व लावून जबाबदारी मालक महापालिकेवर टाकली गेली. तरी त्या तत्त्वावर एकट्यावर विसंबू नका. मनोरा पूर्णपणे एकाच्या ताब्यात होता, तुमच्या चरीत तिघांचे हात आहेत.

‘ठेकेदाराला विचारा’ हे बिल्डरचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं, कायद्यात ते फार टिकत नाही. स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीला काम देणारा जबाबदार नसतो हा सर्वसाधारण नियम खरा. पण सार्वजनिक रस्त्यावर मुळातच धोक्याचं काम करून घेताना ही जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. 1899 चा पेनी विरुद्ध विम्बल्डन हा इंग्लंडमधला निकाल तुमच्या प्रकरणाचा जुळा भाऊ म्हणावा असा आहे. ठेकेदाराने रस्त्यावर मातीचा ढीग अंधारात तसाच ठेवला, चालणारी बाई त्यावर अडखळून पडली, आणि काम देणाऱ्या स्थानिक संस्थेला भरपाई द्यावी लागली. इंग्लिश निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण अपकृत्याचा, म्हणजे दिवाणी चुकीबद्दल भरपाई देणारा, कायदा आपल्याकडे संहिताबद्ध नसल्यामुळे न्यायालयं ते आजही ऐकतात. निविदेत किंवा करारात ‘अपघाताची सर्व जबाबदारी ठेकेदाराची’ असं कलम असतं. ते त्यांच्या आपसातलं असतं, त्याने जखमी माणूस बांधला जात नाही.

पुराव्याकडे येतो, कारण खरी लढाई तिथे असते. चर आता बुजली असेल. हरकत नाही, डांबरावरचं ठिगळ राहतं. त्याची लांबी-रुंदी टेपने मोजा, खांबापासून अंतर मोजा, टेप दिसेल असे फोटो काढा. दावा दाखल झाल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 नियम 9 खाली कोर्ट कमिशनरकडून तीच मोजणी करून घेता येते. याहून पक्का कागद महापालिकेतच असतो. रस्ता खोदाईचं शुल्क मोजमापावर आकारतात, त्यामुळे परवान्याच्या फाइलमध्ये चरीची मापं, कामाची मुदत, सुरक्षेच्या अटी आणि भरलेली रक्कम सगळं असतं. माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा आणि पाच गोष्टी मागा: खोदाई परवाना अटींसह, शुल्काची पावती, पाहणीच्या नोंदी, त्या ठिकाणच्या तक्रारींची नोंदवही, आणि पथदिव्यांच्या दुरुस्तीची नोंद. उत्तराला 30 दिवस लागतात, म्हणून नोटीस आणि हा अर्ज एकाच दिवशी द्या. पाहणीच्या नोंदीच नाहीत असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका, महापालिकेविरुद्ध तोच तुमचा सगळ्यात चांगला पुरावा असतो.

बॅरिकेड कशाला म्हणायचं याचंही मोजमाप आहे. रस्त्यावरच्या कामांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची एसपी 55 ही मार्गदर्शिका आहे. दोन विटांवर बांबू ठेवून त्याला लाल-पांढरी फीत गुंडाळली तर ते रात्रीच्या वेळी बॅरिकेड होत नाही. अंधारात लांबून चमकणारी पट्टी आणि दिवा लागतो. उलटतपासणीत ठेकेदाराला ‘बॅरिकेड होतं का’ असं विचारू नका, तो ‘हो’ म्हणेल आणि विषय संपेल. किती होती, कुठून आणली, बिल कुठे, रात्री कोण बघायचं, त्याचा पगार कोणत्या वहीत, शेवटचा फोटो कधीचा, हे एकेक विचारा. या गोष्टी त्याच्याच माहितीतल्या आहेत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 109 प्रमाणे त्या सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो, आणि वही दाबून ठेवली तर कलम 119 खाली विपरीत अनुमान, म्हणजे ती वही त्याच्याविरुद्धच बोलली असती असं धरणं, मागता येतं.

फोटोंबद्दल एक बारकावा. हल्लीचे मोबाइल रात्रीचा फोटो आपोआप उजळ करतात. अंधार दाखवायला काढलेल्या फोटोत रस्ता लख्ख दिसतो आणि समोरचा वकील तोच फोटो न्यायाधीशांपुढे धरतो. नाइट मोड आणि फ्लॅश बंद करून, त्याच वेळेला, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढा. मूळ फाइल मूळ फोनमध्येच ठेवा, व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या प्रतीत फोटो कधी काढला ती माहिती उरत नाही. त्या रात्रीची तिथी पंचांगात बघून ठेवा. अमावास्येच्या आसपासची रात्र असेल तर ते वादपत्रात लिहा, त्याला साक्षीदार लागत नाही.

शेजारच्या दुकानाचा सीसीटीव्ही चार महिन्यांनी मिळणं कठीण, जुनं चित्रीकरण नवीन चित्रीकरणाखाली पुसलं जातं. कोणी तेव्हा क्लिप काढून घेतली असेल तर त्याच साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. त्याचे दोन भाग असतात, पहिला यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा, लिहायची असते. दुकानदार सही करायला कचरतो, कारण त्याला कोर्टात यावं लागेल असं वाटतं. त्याला आधीच सांगून ठेवा.

आता सगळ्यात दुर्लक्षित कागद: दवाखान्यातली पहिली नोंद. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा खासगी दवाखान्यात नेल्यानेल्या ‘काय झालं’ विचारून एक ओळ लिहितात. दावा कधीकधी त्या एका ओळीवर उभा राहतो किंवा पडतो. ‘रस्त्यात खोदलेल्या चरीत पडून’ असं लिहिलं असेल तर उत्तम. ‘पाय घसरून पडून’ असेल तर सांभाळता येईल. पण नातेवाइकांनी पोलिसांची कटकट नको म्हणून ‘घरात पडले’ असं सांगितलं असेल, तर प्रतिवादीचा वकील उलटतपासणीची सुरुवात तिथूनच करणार. केस पेपरची प्रत आजच काढा आणि बघा. चुकीची नोंद असेल तर ती खोडायला जाऊ नका. ज्याने ती माहिती दिली त्यालाच साक्षीला उभं करून कारण सांगू द्या. त्याच पानावर ‘तोंडाला दारूचा वास’ अशी नोंद आहे का हेही बघा. असेल तर बचावात ती येणारच, तुम्हाला आधी माहीत असलेली बरी.

पोलिसांत तक्रार झाली नसेल तरी दिवाणी दाव्याला अडत नाही. झाली असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली गुन्हा आणि घटनास्थळाचा पंचनामा मिळेल. पंचनामा नुसता जोडून भागत नाही. पंचाला किंवा करणाऱ्या हवालदाराला साक्षीला बोलवावं लागतं. फौजदारीत ठेकेदार सुटला तरी दिवाणी दावा आपोआप पडत नाही, कारण तिथे संशयातीत पुरावा लागतो आणि इथे शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरतं.

कारणसंबंधात एकच धोका दिसतो. हाड वाकडं जुळलं म्हणता, मग मधल्या काळात हाडवैद्याकडे नेलं होतं का? आपल्या भागात हे सर्रास होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण डॉक्टरांनी प्लास्टर सांगितलेलं असताना ते काढून पट्टा बांधला असेल, तर कायमचं अपंगत्व चरीमुळे नाही, उपचार सोडल्यामुळे आलं, असं म्हटलं जाईल. त्या प्रमाणात रक्कम कमी होऊ शकते. फेरतपासणीच्या तारखा पाळल्याचे कागद असतील तर ते सगळे जोडा.

रकमेचा हिशेब जरा जवळून बघू. समजा मजुरी महिना 20,000 रुपये सिद्ध झाली. मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांत जी पद्धत घालून दिली, ती दिवाणी न्यायालयंही आधार म्हणून घेतात. स्वतःचा धंदा करणाऱ्या 40 ते 50 वयाच्या माणसाला भविष्यातल्या वाढीसाठी 25 टक्के धरले की महिना 25,000, वर्षाला 3,00,000. वय 46 साठी गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानाला ज्याने गुणायचं तो आकडा, 13. अपंगत्व प्रमाणपत्रात हाताचं 15 टक्के लिहून आलं आणि वकिलाने तेच धरलं, तर 45,000 गुणिले 13, म्हणजे 5,85,000. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) सांगतो की डॉक्टरांची टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे. त्या माणसाचं काम बघायचं असतं. उजव्या हाताने बारीक कडी चिमट्यात धरून झाळ लावणाऱ्याची पकड गेली, तर कारकुनापेक्षा त्याचं नुकसान कितीतरी मोठं असतं. कमाईतली घट 40 टक्के पटवून दिली तर 1,20,000 गुणिले 13, म्हणजे 15,60,000. मनगट तेच, पण एका साक्षीदाराने पावणेदहा लाखांचा फरक पडतो. तो साक्षीदार म्हणजे उपचार करणारे अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांना नुसतं प्रमाणपत्र वाचायला लावू नका, पकडीची ताकद यंत्रावर मोजून दोन्ही हातांची तुलना सांगायला लावा.

आणि मजुरी सिद्ध करायला आयकर विवरणपत्र नसेल तर व्यापाऱ्याच्या मजुरीच्या चिठ्ठ्या आणा: चांदी किती दिली, माल किती आला, घट किती, मजुरी किती. दोन व्यापारी साक्षीला आले आणि बँक पासबुकातल्या जमा त्या चिठ्ठ्यांशी जुळल्या तर पुरतं. औषधोपचार, सोबतच्या माणसाचा खर्च, बुडालेले महिने आणि वेदना यांची रक्कम वेगळी मागायची. पण आकडा उगाच फुगवू नका, कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर भरावी लागते.

समोरच्या बाजूचं आता. बचावही विशेषणांवर चालत नाही. ‘मजकूर खोटा, नाकबूल’ एवढंच लिहिलं तर आदेश 8 प्रमाणे न नाकारलेली वस्तुस्थिती मान्य धरली जाऊ शकते. कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, 30 दिवस असतात, कारण दाखवून 90 पर्यंत. महापालिका सर्वांत आधी कलम 487 उचलेल. नोटिशीतली त्रुटी कैफियतीत घेतली नाही तर तो हक्क सोडला असं म्हणता येतं. मुदतीचं तसं नाही, ती कोणी काढली नाही तरी न्यायालयाला स्वतःहून बघावी लागते.

ठेकेदाराचा चांगला वकील ‘बॅरिकेड होतं’ यावर थांबणार नाही. बॅरिकेड लावलं, रात्री कोणीतरी पळवलं, असं म्हणेल. हा बचाव पूर्ण खोटा नसतो, लोखंडी बॅरिकेड भंगारात जातात हे सगळ्यांना माहीत आहे. पण सगळ्यांना माहीत आहे म्हणूनच ते अपेक्षित होतं, आणि अपेक्षित गोष्टीसाठी रात्री माणूस ठेवायला हवा होता. रोजची वही, तारीख-वेळेसह फोटो आणि राखणदाराची साक्ष असलेला ठेकेदार मात्र खरोखर सुटू शकतो.

पुढचा बचाव म्हणजे पावसाचा. चर पाण्याने भरली, दिसली नाही, दैवी आपत्ती. कोल्हापुरात हे सांगणं अवघड आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं आणि पावसाळ्यात पातळी रोज जाहीर होते. ज्याची रोज सूचना मिळते ती आपत्ती अनपेक्षित कशी? पाणी साचणार हे माहीत असताना चर उघडी ठेवणं हीच तर चूक.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटेल ती सहभागी निष्काळजीपणाच्या बचावाची. दादा रोज त्याच रस्त्याने जायचे, चर तीन दिवस आधीपासून होती, मग माहीत नव्हती कसं? मोबाइलवर बोलत होते का? हे सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर असतो, पण दादांच्या तोंडून एक ओळ निघाली की भार हलका होतो. न्यायालयाने त्यांचा वाटा 20 टक्के धरला तर 15,60,000 चे 12,48,000 होतात, दावा मात्र पडत नाही. म्हणून रोजचा रस्ता असेल तर तसं सरळ सांगा आणि त्या दिवशी काय वेगळं होतं ते सांगा: दिवा बंद होता, ढीग सरकवला होता, समोरून गाडीचा झोत आला. तिघा प्रतिवादींमधला वाटा मात्र तुमचा प्रश्न नाही. तिघांच्या चुकीतून एकच इजा झाली असेल तर संपूर्ण रक्कम कोणा एकाकडूनही वसूल करता येते, बाकीचं त्यांनी आपसात बघावं. म्हणून ज्याच्याकडून वसुली होऊ शकते असा प्रतिवादी वगळू नका.

खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये मृत्यूला 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख अशी भरपाई ठरवली आहे. त्या भरपाईसाठी अर्ज जरूर करा, पण त्या अर्जाने कलम 487 चं घड्याळ थांबत नाही. दावा कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात. अपिलात वर जायची वेळ आली तर 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच आहे, मुंबईच्या खेपा वाचल्या.

नोटीस पोहोचली की ठेकेदार घरी येईल. पंचवीस-पन्नास हजार देऊन पाचशेच्या स्टँपवर ‘आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही’ असं लिहून मागेल. पैशांची निकड असेल तर रक्कम घ्यायला हरकत नाही, मात्र बँकेतून घ्या आणि पावतीवर ‘उपचारासाठी तात्पुरती मदत, दाव्याचा हक्क राखून’ एवढंच लिहा.